चिपाडातील साखर, यीस्टमधील तेल आणि टाकीतील डिझेल: हे गणित कुठे जुळते?

नीरजा_वाळवा (धागाकर्ती)

नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतात, त्यामुळे चिपाडाचे ढीग आणि मळीचा वास लहानपणापासून ओळखीचा आहे. लघुप्रबंधासाठी विषय निवडायचा आहे आणि मनात एकच विषय घर करून बसला आहे: वनस्पतींच्या टाकाऊ भागांतील साखरेवर तेलसाठवे यीस्ट वाढवायचे आणि त्यांच्या तेलापासून बायोडिझेल करायचे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांहून अधिक मेद साठवणाऱ्या सूक्ष्मजीवांना तेलसाठवे म्हणतात. र्‍होडोस्पोरिडियम टोरुलॉइडिस, लिपोमायसिस स्टार्कीआय, यारोविया लिपोलिटिका ही त्यांपैकी काही नावे असून काही जाती अनुकूल परिस्थितीत निम्म्याहून अधिक वजन तेलाचेच करतात. या तेलाची घडण पामतेलाच्या जवळची असते. मिथेनॉल आणि अल्कली घालून त्याचे बायोडिझेल करता येते, आणि शेतात तेलबिया पेराव्या लागत नाहीत.

हे सगळे मी उत्साहाने वडिलांना सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "चिपाड जाळून आम्ही वाफ करतो, वाफेवर वीज करतो. तेच चिपाड तुझ्या यीस्टला घातले, तर त्याहून जास्त काय हाती येणार?" मला उत्तर देता आले नाही. म्हणून येथे विचारते: डिझेल हे या तेलाचे प्रामाणिक उद्दिष्ट आहे का, की मोगली एरंडाच्या (जट्रोफाच्या) वेळी जे झाले त्याचीच ही नवी आवृत्ती आहे?

जुना_केमिस्ट

नीरजा, तुझ्या वडिलांनी नेमका प्रश्न विचारला आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांतच द्यायला हवे. माझी चौतीस वर्षे आसवनीत गेली, म्हणून आधी हिशेब मांडतो.

एक टन उसातून साधारण ३०० किलो ओले चिपाड निघते आणि त्यात निम्मे पाणी असते. आपण एक टन कोरडे चिपाड धरू. त्यात सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज (फोडल्यावर साखर देणारे भाग) मिळून ढोबळमानाने ६५ टक्के, बाकी मुख्यतः लिग्निन आणि थोडी राख. आम्लाची किंवा वाफेची पूर्वप्रक्रिया आणि त्यानंतर विकरांचे (एन्झाइमांचे) काम, यांत काही साखर वाया जाते. हाती ५०० किलो साखर आली तर काम चांगले झाले म्हणायचे.

आता यीस्टकडे येऊ. ग्लुकोजपासून तेलाचा सैद्धांतिक उतारा किलोमागे सुमारे ३२० ग्रॅम आहे, परंतु यीस्टला स्वतःचे शरीरही घडवायचे असते. प्रत्यक्षात १८० ग्रॅम मिळाले तरी मी समाधान मानीन. म्हणजे ५०० किलो साखरेतून ९० किलो तेल, आणि त्यातून शंभर लिटरच्या आसपास बायोडिझेल. तीच सगळी साखर इथेनॉलकडे वळवता आली, तर २८० लिटरच्या घरात इथेनॉल मिळेल. लिटरमागे बायोडिझेलमध्ये सुमारे ३३ मेगाज्यूल आणि इथेनॉलमध्ये २१ मेगाज्यूल ऊर्जा धरली, तरी इथेनॉलचे पारडे दीडपटीहून जड राहते.

शिवाय इथेनॉलचे यीस्ट हवेविना काम करते. तेलाच्या यीस्टला मात्र सतत हवा लागते, फर्मेंटर ढवळत ठेवावा लागतो, आणि हवा कोंबणाऱ्या ब्लोअरचे वीजबिल महिन्याअखेरीस समोर येते. तुला नाउमेद करण्यासाठी हे लिहीत नाही; पाया कुठे मऊ आहे ते आधी कळावे, एवढाच हेतू आहे.

मेधा_पुणे

काकांचा हिशेब मला मान्य आहे, परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे. सगळी साखर इथेनॉलकडे वळवता येईल असे त्यांनी धरले आहे. चिपाडातील साखरेचा मोठा हिस्सा झायलोज असतो, म्हणजे हेमिसेल्युलोज फुटल्यावर मिळणारी पाच कर्बांची साखर. आसवनीतील नेहमीच्या यीस्टला ती मुळात वापरताच येत नाही. त्यासाठी जनुकीय बदल केलेले वाण लागते. याउलट अनेक तेलसाठवे यीस्ट झायलोज आपणहून खातात, आणि झायलोजपासून तेलाचा सैद्धांतिक उतारा ग्लुकोजपेक्षा किंचित जास्तच आहे. या विषयाचे खरे बळ मला येथे दिसते.

यीस्टमध्ये तेल साठते तरी का, हेही सांगते, कारण ते समजले की प्रयोग आखणे सोपे जाते. कर्ब-नत्र गुणोत्तर हा शब्द कंपोस्ट करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. यीस्टला भरपूर साखर दिली आणि नत्र तोडून टाकला, की पेशींना प्रथिने करता येत नाहीत, त्यामुळे त्यांची संख्या वाढणे थांबते. साखर आत येणे मात्र थांबत नाही. नत्राच्या टंचाईत पेशी स्वतःजवळचा एएमपी हा रेणू फोडून त्यातला नत्र काढून घेते. तंतुकणिकेतील (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातील) आयसोसायट्रेट डिहायड्रोजिनेज हे विकर याच एएमपीच्या जोरावर चालत असल्याने ते मंदावते, मागे सायट्रेट तुंबते आणि तंतुकणिकेबाहेर पडते. तेथे एटीपी-सायट्रेट लायेज नावाचे विकर त्याचे तुकडे करते आणि त्यातून मेदाम्लांचा कच्चा माल मिळतो. पावाच्या यीस्टजवळ हे शेवटचे विकर नसते, म्हणून त्याला कितीही साखर द्या, ते लठ्ठ होत नाही.

कल्पना मुळीच नवी नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीमध्ये स्निग्ध पदार्थांचा दुष्काळ पडला, तेव्हा एंडोमायसिस व्हर्नालिस या बुरशीवजा यीस्टपासून चरबी मिळवण्याचे प्रयत्न झाले होते. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर पुणे विद्यापीठाच्या जैवमाहितीशास्त्र व जैवतंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी पश्चिम किनाऱ्यावरील खारफुटीतून तेलसाठव्या बुरशी वेगळ्या करून बायोडिझेलच्या दृष्टीने त्यांची तपासणी केली. ते काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. खारफुटीत पडलेली पाने आणि लाकूड कुजवणे हा या बुरशींचा रोजचा उद्योग असल्यामुळे शोधाची जागा अगदी योग्य होती. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेतही चिपाडातील पेंटोज साखरेवर र्‍होडोटोरुला यीस्ट वाढवून तेल मिळवण्याचे काम झाले आहे. नीरजा, ही दोन्ही कामे आधी वाच.

राळेगावकर

मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूस उत्पादक आहे. रसायनशास्त्र मला मेधाताईंइतके कळत नाही, पण मोगली एरंडाचा उल्लेख झाला म्हणून लिहितो.

२००३च्या सुमारास बायोडिझेल अभियानाची चर्चा सुरू झाली आणि २००९च्या धोरणात २०१७पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले गेले. आमच्याकडे एक कंपनी आली होती. पडीक जमिनीवर पाण्याविना झाड येते, गुरे तोंड लावत नाहीत, बी आम्ही विकत घेऊ, असे सांगून तिने रोपे विकली. मी सव्वा एकर बरडावर लावली. झाडे जगली हे खरे, परंतु पाणी आणि खत नसल्यावर बी इतके थोडे आले की वेचणीची मजुरीही निघाली नाही. तिसऱ्या वर्षी बी घेऊन गेलो, तेव्हा खरेदी केंद्राला कुलूप होते. सगळी झाडे मी कुऱ्हाडीने तोडली. झाडाचा त्यात दोष नव्हता. जगणे आणि पीक देणे यांतला फरक आम्हाला कुणी सांगितला नाही.

आता तुमच्या यीस्टकडे येतो. चिपाड कारखान्याच्या आवारात आपोआप जमा होते, म्हणून तुम्ही सगळे त्याचाच विचार करता. आमची पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) हेक्टरी दोन-तीन टन निघते. वेचणी संपली की ती उपटून धुऱ्यावर रचतो, थोडी चुलीला जाते आणि पुष्कळशी पेटवून देतो, कारण शेतात उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. हिच्यापासून साखर निघत असेल तर मला आनंदच आहे. पण पऱ्हाटी वजनाला हलकी आणि जागेला भारी असते. ट्रॉली वजनाने भरण्याआधी आकारानेच भरते. वीस किलोमीटर न्यायची तर डिझेल किती जाळावे लागेल, हा हिशेब कुणी मांडला आहे का?

दुसरे असे की सोयाबीनचे आणि तुरीचे कुटार, ज्वारीचा कडबा, यांना टाकाऊ म्हणू नका. ते आमच्या गुरांच्या तोंडचे अन्न आहे. आणि जे गुरे खात नाहीत ते जमिनीला लागते. आमच्या जमिनीचा सेंद्रिय कर्ब आधीच तळाला गेला आहे.

निमिष_नाशिक

एक छोटा प्रश्न आहे. हे तेल पामतेलासारखे असेल, तर ते खाता येणार नाही का? आपण खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक आयात करतो.

मेधा_पुणे

निमिष, अगदी योग्य प्रश्न आहे. सूक्ष्मजीवांचे तेल आजही खाल्ले जाते. मॉर्टिएरेला अल्पिना या बुरशीपासून ॲराकिडोनिक आम्ल आणि काही सूक्ष्मशैवालांपासून डीएचए हे मेदाम्ल मिळवून ते तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीत घालतात. मात्र त्या तेलाचा भाव डिझेलच्या भावाच्या कित्येक पट असतो, म्हणून तो उद्योग टिकला.

भाव टिकला नाही तर काय होते याचेही उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये १९८५ मध्ये म्युकर बुरशीपासून गॅमा-लिनोलेनिक आम्लाचे तेल बाजारात आले. उत्तम प्रतीचे तेल होते, परंतु तेच आम्ल वनस्पतींच्या बियांतून स्वस्तात मिळू लागल्यावर १९९०च्या सुमारास उत्पादन थांबले. तंत्र यशस्वी होऊनही धंदा थांबू शकतो, हे येथे लक्षात घ्यायला हवे.

अनिरुद्ध_रॉटरडॅम

मेधाताईंच्या मुद्द्याला जोडून याहून मोठे उदाहरण देतो, कारण त्याचा संबंध थेट उसाशी आहे. सोलाझाइम ही कॅलिफोर्नियातील कंपनी २००३ मध्ये स्थापन झाली. सूक्ष्मशैवालांना उन्हात न वाढवता अंधाऱ्या टाक्यांत साखर खाऊ घालून तेल काढायचे, ही तिची पद्धत होती. तिने अमेरिकी नौदलाला इंधन पुरवले आणि पुढे बुंगे या कंपनीबरोबर ब्राझीलच्या साओ पावलो राज्यातील मोएमा साखर कारखान्याला लागून वर्षाला एक लाख टन क्षमतेचा प्रकल्प उभारला. २०१४ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी खनिज तेलाचे भाव कोसळले. कंपनीने २०१६ मध्ये नाव बदलून टेराव्हिया केले, इंधन सोडून खाद्यपदार्थांवर लक्ष दिले, पण २०१७ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला आणि तिचा व्यवसाय कॉर्बियन या डच कंपनीने घेतला.

तेथे उसाची तयार साखर वापरली जात होती, म्हणजे चिपाड फोडण्याचा खर्चही नव्हता. तरीही इंधनाच्या भावात ते तेल बसले नाही. त्यामुळे नीरजाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की केवळ डिझेलसाठी हा उद्योग आज उभा राहणार नाही.

मदन_पंपवाले

मी डिझेल पंप आणि नोझलची कामे करतो. आपण सर्वांनी तेल कसे मिळते ते लिहिले, ते इंजिनात गेल्यावर काय होते तेही पाहायला हवे.

बायोडिझेल चांगले जळते, त्याचा सिटेन अंक (इंधन किती सहज पेटते ते दाखवणारा आकडा) चांगला असतो आणि ते पंपाला वंगणही देते. पण प्रमाण जास्त असेल तर ते जुन्या गाड्यांतील नैसर्गिक रबराच्या नळ्या फुगवते. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ ते सोडवते आणि पहिल्या काही दिवसांत फिल्टर तुंबतो. ते हवेतले पाणी ओढते आणि पाणी आले की टाकीत जंतू वाढतात. आपल्याकडे बायोडिझेलसाठी आयएस १५६०७ हे मानक आहे. त्यात उतरलेले तेल पाच-सात टक्के मिसळले, तर यांतले काहीही मला सहसा दिसत नाही. मेधाताई, यीस्टचे तेल थंडीत गोठते का? पामतेलाचे बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपासच गढूळ होऊ लागते.

मेधा_पुणे

मदनदादा, यीस्टच्या तेलात ओलेइक आम्ल बहुधा सर्वाधिक आणि त्याखालोखाल पामिटिक असते. पामिटिक आणि स्टिअरिक वाढले की थंडीचा त्रास वाढतो. लिनोलेइक वाढले की तेल साठवणीत लवकर खवट होते. ओलेइक जास्त असणे हा मधला मार्ग आहे. वाण आणि तापमान बदलून हे प्रमाण काही अंशी हलवता येते. एरंड किंवा करंज यांच्या बाबतीत ती मुभा नाही. झाड जे देईल ते घ्यावे लागते.

जुना_केमिस्ट

मेधाताईंनी माझे गृहीतक बरोबर पकडले, म्हणून हिशेब दुरुस्त करतो. पाचशे किलो साखरेपैकी ३०० किलो ग्लुकोज आणि २०० किलो झायलोज धरू. ग्लुकोज नेहमीच्या यीस्टला दिले तर १७५ लिटरच्या आसपास इथेनॉल मिळेल. झायलोज तेलाच्या यीस्टला दिले तर ३६ किलो तेल, म्हणजे चाळीस लिटर बायोडिझेल. जी साखर एरवी स्पेंट वॉशबरोबर, म्हणजे आसवनीच्या सांडपाण्याबरोबर, नाल्याला जाऊन प्रदूषणाचा भार वाढवते, तिच्यातून हे चाळीस लिटर आले आहे. आता मला या विषयात जीव दिसतो.

नीरजाच्या वडिलांच्या प्रश्नाचाही एक भाग बाकी आहे. साखर काढून घेतल्यावर उरलेले लिग्निन बॉयलरलाच जाते, आणि किलोमागे त्याची उष्णता चिपाडाहून जास्त असते. म्हणजे वाफ पूर्ण बंद होत नाही, कमी होते. शिवाय वीज आता सूर्यापासूनही स्वस्तात मिळू लागली आहे. ट्रकच्या टाकीत ओतायचा द्रव मात्र सौर पट्टीतून येत नाही. चिपाडाची वीज करणे हा माझ्या पिढीसाठी शहाणपणाचा निर्णय होता. पुढच्या वीस वर्षांसाठी तो तसाच राहील असे मी म्हणणार नाही.

राळेगावकरांना उत्तर: पऱ्हाटी चिपाडापेक्षा लाकडासारखी टणक असते, तिच्यात लिग्निन जास्त, म्हणून तिची पूर्वप्रक्रियाही कडक करावी लागते. वाहतुकीबाबत आपले म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पाणिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. त्याला वर्षाला दोन लाख टन पेंढा लागतो, आणि तो गोळा करणे, गठ्ठे बांधणे, कोरडा साठवणे हे कामच रसायनशास्त्राइतके कठीण आहे. पऱ्हाटीचे तुकडे शेतावरच करावे लागतील, आणि त्याचे पैसे शेतकऱ्याच्या हाती पडणार नसतील तर आपण ती जाळता यात आपला दोष नाही.

राळेगावकर

केमिस्ट काका, धन्यवाद. एवढे स्पष्ट उत्तर आम्हाला २००९ मध्ये कुणी दिले असते तर सव्वा एकराची तीन वर्षे वाचली असती.

सुलभा_सोलापूर

बायोडिझेल करताना जे ग्लिसरीन निघते त्याचे काय करतात? आमच्या साबणाच्या छोट्या कारखान्यात अशुद्ध ग्लिसरीन कुणी विकत घेत नाही.

मेधा_पुणे

सुलभाताई, १०० किलो तेलामागे साधारण ११ किलो मिथेनॉल लागते आणि १० किलो ग्लिसरीन निघते. त्यातले मिथेनॉल आणि साबण काढून टाकले, तर तेच ग्लिसरीन यारोवियासारख्या यीस्टना पुन्हा खाऊ घालता येते. वापरलेल्या तळणीच्या तेलावरही यारोविया वाढते.

नीरजा_वाळवा (सात महिन्यांनंतर)

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. विषय तोच घेतला, पण शीर्षकातून "डिझेल" हा शब्द काढला आणि "चिपाडातील झायलोजचा वापर" असे लिहिले. मार्गदर्शक मॅडमना हा बदल आवडला.

जे पाहिले ते सांगते. चिपाडाला सौम्य सल्फ्युरिक आम्लात शिजवल्यावर जो रस मिळाला तो काकवीसारखा गडद होता. त्यात साखरेबरोबर असिटिक आम्ल आणि फरफ्युरल ही यीस्टला बाधणारी द्रव्येही होती. पहिल्या खेपेला यीस्ट दोन दिवस हललेच नाही आणि मला वाटले की ते मेले. मॅडम म्हणाल्या, थांब. तिसऱ्या दिवशी रस गढूळ होऊ लागला, कारण यीस्टने आधी फरफ्युरलचे कमी विषारी अल्कोहोल केले आणि मगच साखरेला हात लावला. पुढच्या खेपेला तेच सरावलेले यीस्ट विरजणासारखे वापरले, तेव्हा ते पहिल्याच रात्री वाढले.

नाईल रेड हा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, त्या संध्याकाळी मी वडिलांना प्रयोगशाळेत बोलावले होते. प्रत्येक पेशीत सोनेरी पिवळे थेंब चमकत होते, काहींमध्ये एकच मोठा थेंब पेशीभर पसरला होता. वडील बराच वेळ डोळा लावून बसले आणि म्हणाले, "हे आमच्या चिपाडातले आहे?" मी हो म्हटले.

आता अडचणी. ओल्या पेशींतून तेल काढणे हे सर्वांत जिकिरीचे निघाले. मी क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल वापरले. ते कारखान्यात चालणार नाही, आणि पेशी वाळवायच्या तर उष्णता जाते. माझे यीस्ट गुलाबी आहे, त्याच्यात कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये असतात. अनिरुद्धदादांनी लिहिलेले वाचल्यापासून मला वाटते, की आधी हे रंगद्रव्य आणि महाग तेल विकून टाकीचा खर्च निघायला हवा. डिझेल त्यानंतरचे. २०१८च्या धोरणात २०३०पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेलचे उद्दिष्ट आहे, आणि त्यातला वाटा यीस्ट इतक्यात उचलेल असे मी प्रबंधात लिहिलेले नाही. राळेगावकर काकांचे बोलणे लक्षात ठेवून गुरांच्या वैरणीला मी हात लावला नाही आणि तसे पहिल्याच प्रकरणात नोंदवले आहे.

जुना_केमिस्ट

नीरजा, छान केलेस. आता एक काम कर. तू वापरलेला रस चाळणीवरच्या निवडक चिपाडाचा होता. कारखान्याच्या ढिगातल्या चिपाडात माती, राख आणि कुजका भाग असतो. गळीत संपताना ढिगाच्या तळातले दहा किलो वडिलांकडून मागून घे आणि तेच यीस्ट त्याच्या रसात वाढते का ते पाहा. सोबत फर्मेंटरला किती हवा दिली आणि मोटरने किती युनिट वीज घेतली, याची नोंद पहिल्या तासापासून ठेव. ती वही मला दाखवायला आण. ब्लोअरच्या खर्चाचा हिशेब आपण एकत्र मांडू.

राळेगावकर

ताई, तुकडे केलेली पऱ्हाटी हवी असेल तर एक पोते एसटी पार्सलने पाठवतो. मार्चपर्यंत धुऱ्यावर आहे, तोवर पेटवत नाही.